नजर चुकवून

आरूनं आज माळ्यावरचा जर्मनचा, म्हणजे अल्युमिनियमचा, डबा खाली काढायला लावला. तिला तो दिसला कसा कोण जाणे. साडेतीन वर्षांची आहे, पण मान वर करून सगळ्या घरावर नजर ठेवून असते. मी डबा पुसून तिच्या हातात दिला. तिनं तो कानाशी नेऊन हलवला. डबा रिकामा होता, तरी वाजला. झाकण सैल झालं आहे आणि एका बाजूला पोचा आहे.

"आई, याच्यात काय हाय? सांग."

"काही नाही," मी म्हटलं.

ती मला आई म्हणते. मी तिची आजी आहे. तिची आई म्हणजे माझी लेक वर्षा, पुण्याकडे एका दवाखान्यात सिस्टर आहे. जावई तिकडेच कंपनीत आहेत. दोघांच्या पाळ्या उलटसुलट, म्हणून आरू नऊ महिन्यांची असताना वर्षानं तिला इथं देऊळघाटला माझ्याजवळ आणून ठेवलं. आरू तिला नुसतं वर्षा म्हणते, कारण फोन वाजला की मी म्हणते, "ये, वर्षाचा फोन आला." तुझ्या आईचा फोन आला, असं मी कधी म्हटलं नाही. ते सुचलंच नाही, असं मी स्वतःला सांगत आले.

दिवाळी झाली. आज गुरुवार. रविवारी वर्षा आणि जावई गाडी घेऊन येणार आणि आरूला कायमचं घेऊन जाणार. तिकडच्या बालवाडीत नाव घातलं आहे.

सकाळी शेजारच्या शांताबाई कुंपणापाशी आल्या. त्यांच्याकडे अकरा कोंबड्या आहेत आणि प्रत्येक गोष्टीवर उपाय आहे.

"गाडी आली का तू मांगच्या दारानं वावरात निंगून जाजो," त्या म्हणाल्या. "मी पोरीले पिल्लं दाखवतो. तेवढ्यात वर्षा तिले उचलून गाडीत टाकते. नजर चुकवून गेलं का लेकरू रडत नाही."

"अन् मग रडली तर?"

"रडन थोडी. चिखलीच्या पुढं रडन, पुण्यात रडन. आपल्याले कुठी आयकू येते?"

असं म्हणून त्या हसल्या. त्यांचं मन वाईट नाही. आमच्या भागात सगळे असंच करतात. आई निंदायला निघाली की आजी लेकराला कावळा दाखवते, आणि आई मागच्या दारानं निघून जाते. बाप गावाला निघाला की कुणी तरी वासरू दाखवतं. लेकरू कावळ्याकडं पाहून हसतं आणि वळून पाहतं तर दारात कुणी नसतं. याला कुणी खोटं म्हणत नाही. मायेपोटीच करतात.

मीही केलं आहे. माझ्याबाबतीतही कुणीतरी केलं. तेव्हा मध्ये कावळा नव्हता. हा डबा होता.

माझं लहानपण वरवट बकालला मावशीकडं गेलं. मावशी माझ्या आईची मोठी बहीण. तिला मूल नव्हतं. मला तिच्याकडं का दिलं आणि मग परत का आणलं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी तिला माय म्हणायची. दुसरी कुणी आई असते हे मला ठाऊक नव्हतं.

त्या गावचं पाणी खारं होतं. चहाच्या शेवटच्या घोटाला जिभेवर मीठ यायचं. डाळ लवकर शिजायची नाही, म्हणून मावशी पहाटेच चुलीवर ठेवायची आणि घरभर तुरीच्या डाळीचा, धुराचा आणि तिच्या मशेरीचा मिळून एक वास असायचा. तो तिच्या पदरालाही असायचा. मी पदराचं टोक मुठीत धरून झोपायची. ती उठली की पदर ओढला जायचा आणि मला कळायचं. मग ती पुन्हा बसायची. एक बाई एवढ्या वेळा उठून पुन्हा बसली असेल, हे मला आता आरूला निजवताना कळलं.

उत्तरेला सातपुडा दिसायचा. सकाळी निळा, दुपारी धुळीत गेलेला. कापूस फुटला की पहिल्या वेचणीच्या दिवशी मावशी शेतात दहीभात न्यायची, शेताच्या कडेला धुऱ्यावर पाच दगड मांडून पूजा करायची आणि दही चारी दिशांना शिंपडायची. एक थेंब माझ्या नाकाला लावायची. सीतादही म्हणायचे त्याला. मग ती ओटी बांधून कपाशीच्या ओळीत, तासात शिरायची. मला बांधावर बोराच्या सावलीत बसवायची. कपाशी माझ्यापेक्षा उंच, त्यामुळं ती दिसायची नाही. पण दर थोड्या वेळानं आतून हाक यायची, "हायस का वं?" मी ओरडायची, "हाव!" कधी मी मुद्दाम उत्तर द्यायची नाही. मग कपाशी खसखसत हलायची आणि ती धावत बाहेर यायची, केसांत कापसाचे तंतू घेऊन. मी हसायची. ती एक चापट मारायची आणि तीही हसायची.

तेव्हा मी गप्प राहिले की ती यायची. हे मी लक्षात ठेवलं. फार दिवस ठेवलं.

उन्हाळ्यात मावशी बाजरीच्या खारोड्या घालायची. बाजरीचं पीठ शिजवून, त्यात तीळ, लसूण, मिरची घालून बोटांनी छोटे छोटे सांडगे बाजेवरच्या धोतरावर टाकायचे आणि कडक वाळवायचे. वाळल्या की त्या जर्मनच्या डब्यात जायच्या. डबा हलवला की वेगळाच आवाज यायचा, बारीक खडे एकमेकांवर घासल्यासारखा. शेंगदाणे टकटक वाजतात, मुरमुरे पाचोळ्यासारखे, फुटाणे जरा घाईनं. खारोड्यांचा आवाज यातला कोणताच नाही.

मावशीचा आणि माझा एक खेळ होता. मी डोळे मिटायचे. ती डबा आधी या कानाशी, मग त्या कानाशी हलवणार. मग म्हणणार, "सांग." तिनं सांग म्हटल्यावरच सांगायचं, आधी नाही. आणि ओळखलं की मगच डोळे उघडायचे. मी कधी चुकले नाही.

मी सहा वर्षांची असेन. एके दिवशी मावशीनं मला नवा परकर घातला, डोक्याला तेल चोपडलं आणि आम्ही एसटीत बसलो. पूर्णेच्या पुलावर तिनं मला नदीला हात जोडायला लावले. नांदुऱ्याला गाडी बदलली. तिनं मला पूर्ण वेळ मांडीवर घेतलं होतं, एवढी मोठी असून. वडनेर भोलजीला उतरलो. रस्त्यालगत घर, समोरून सारखे ट्रक. एक बाई दारात आली. मावशीसारखंच नाक, पण बारीक. कडेवर एक लहान मुलगा होता. मला पाहून तिनं पदरानं तोंड पुसलं.

चहा झाला. पाणी वेगळं होतं, चहात मीठ नव्हतं. दोघी आत हळू बोलत बसल्या. मग मावशी ओसरीवर आली. तिच्या हातात डबा होता. तो ती पिशवीतून सोबत घेऊन आली होती.

"चाल, खेळू. डोये मीट."

मी मिटले.

"मी सांग म्हणीन तवाच सांगजो. तवरलोक उघडू नको. माही शपथ हाय."

तिनं डबा डाव्या कानाशी हलवला. मग उजव्या. खारोड्या. मला लगेच कळलं. मग डबा माझ्या मांडीत आला, तिनं माझे दोन्ही हात त्याच्यावर ठेवले आणि दाबले. मशेरीचा वास अगदी जवळ आला आणि मग कमी झाला.

मी वाट पाहत बसले. ट्रक गेले. कुठं तरी बकरी ओरडली. पायावर मुंगी चढली, मी ती झटकली नाही. डबा जड वाटायला लागला. आतल्या घरात बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मला वाटलं, आता म्हणेल. आता म्हणेल. शपथ होती, म्हणून मी पापण्या इतक्या घट्ट धरल्या की आत लाल-पिवळं दिसायला लागलं. किती वेळ गेला ते माहीत नाही. शेवटी एका लहान हातानं माझा डबा ओढला, तेव्हा डोळे उघडले. कडेवरचा तो मुलगा समोर बसला होता. ऊन भिंतीवर चढलं होतं. ओसरीखाली मावशीच्या चपला नव्हत्या.

मी रडले नाही. रडायचं कधी ते मला कळलंच नाही. तिनं सांग म्हटलं नव्हतं, म्हणजे खेळ संपला नव्हता.

वडनेरच्या घरात सगळी भावंडं आईला बाई म्हणायची. माझ्या तोंडून ते निघेना. माय म्हणावं तर ती माय नव्हती. म्हणून मी तिला काहीच म्हटलं नाही. भाकरी हवी असेल तर चुलीपाशी जाऊन उभी राहायची. कुणी आलं तर "कोण तरी आलं" असं दाराकडं पाहून म्हणायची. असं एक वर्ष गेलं, मग दुसरं. न हाक मारता एका घरात किती वर्षं काढता येतात, ते मला माहीत आहे. भाऊ खोडी काढायचा, "बाई, तुही मुकी पोरगी आली पाय!" आई त्याला रागवायची. मला कधी रागावली नाही. मुलगी आपली असेल तर माणूस रागावतं, एवढं मला तेव्हाही कळत होतं. मी पाहुणी होते.

शाळेतही तसंच झालं. आंधळी कोशिंबीर खेळताना मी राज्य घ्यायची नाही. कुणी डोळे बांधायला आलं की मी पळायची. पोरी म्हणायच्या, "रडकी." मग मला खेळायलाच बोलवेनात. चौथी झाली आणि शाळा सुटली. मी आईबरोबर निंदायला, वेचायला जाऊ लागले. बायकांत मी कायम शेवटच्या तासाला असायची. कारण विचारलं तर मी सांगितलं नसतं, पण शेवटच्या तासावरून सगळ्या दिसतात. कोण निघालं, कोण राहिलं.

तिथं मला शोभा मिळाली. पाटलाच्या मळ्यामागं घर होतं तिचं. माझ्याच वयाची, काळीसावळी, हसली की हिरड्या दिसायच्या. तिला सगळ्या गावाशी बोलायचं असायचं आणि तरी ती माझ्याच तासाला यायची. ती बोलायची, मी ऐकायची. ती एखाद्या दिवशी दुसरीच्या तासाला गेली की मी आठ दिवस तिच्याशी बोलायची नाही. ती विचारायची, "का झालं वं तुले?" मी मान हलवायची. ती हात धरायची, मी सोडवून घ्यायची आणि मनात म्हणायची, धर, पुन्हा धर. ती बहुतेक वेळा धरायची. पण माणूस किती वेळा धरणार?

भुलाबाईचा महिना आला की आम्ही पोरी एकत्र व्हायचो. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी एकेकीच्या घरी भुलाबाईची मातीची मूर्ती मांडून गाणी म्हणायची, टिपऱ्या वाजवायच्या. गाणी संपली की त्या घरची बाई खाऊचा बंद डबा हलवते आणि पोरींनी आत काय आहे ते ओळखायचं. ओळखल्याशिवाय खाऊ नाही. सगळ्या एकदम ओरडतात: लाडू! चिवडा! शिरा! शिरा कधी वाजतो का, म्हणून हशा.

मला पहिल्याच हलवण्याला कळायचं. मी ओरडायची नाही. हळूच शोभाच्या कानात सांगायची, शोभा ओरडायची आणि जिंकायची. एकदा घरी जाताना ती म्हणाली, "तुले समदं मालूम असते बे. मंग तू सांगत काऊन नाही?"

"तू सांगतं ना."

"मी मेली त?"

"मंग नाही सांगणार," मी म्हटलं. ती एवढी हसली की टिपऱ्या खाली पडल्या.

मी भुलाबाईला जाऊ लागले त्या पहिल्या वर्षी आमच्या घरची पाळी आलीच नाही, दुसऱ्या वर्षी आली. मी बारा-तेरा वर्षांची असेन. दिवसभर आईनं मला चुलीपाशी येऊ दिलं नाही. संध्याकाळी वीसेक पोरी ओसरीवर बसल्या. गाणी झाली. आई आतून डबा घेऊन आली. तोच जर्मनचा डबा. तिनं तो हलवला.

पोरी ओरडल्या: फुटाणे! शेंगदाणे! साखरफुटाणे! आई मान हलवत राहिली. शोभा माझ्याकडं पाहत होती, कान पुढं करून. मी सांगितलं नाही. आईनं पुन्हा हलवला. मग ती सगळ्या पोरी ओलांडून माझ्यासमोर येऊन बसली. गुडघ्यावर, जमिनीवर. डबा माझ्या कानाशी नेला. तिनं तो हळू हलवला, म्हणून आवाज बारीक येत होता.

"तुले मालूम हाय," ती म्हणाली. "सांग."

तोच शब्द. सात वर्षं मी तो ऐकायला बसले होते आणि तो दुसऱ्याच तोंडातून आला. माझ्या घशात तो पदार्थ आला होता, नाव आलं होतं, तिला काय म्हणायचं तेही आलं होतं. मी खाली पाहिलं.

आईनं डबा खाली घेतला. मग उठून हसली. "हरल्या पोट्ट्या!" म्हणाली आणि झाकण उघडलं. पोरींनी खारोड्यांवर हात मारले, कुणी कांदा मागितला. माझ्या हातावर तिनं जास्त ठेवल्या. उन्हाळ्यात आमच्या घरी कुणी खारोड्या घातल्या नव्हत्या. त्या कुठून आणल्या, पूर्णेपलीकडून मागवल्या की काय, हे मी विचारलं नाही. त्यानंतर ती माझ्यासमोर तशी कधी बसली नाही.

शोभाचं लग्न माझ्या आधी ठरलं. हळदीच्या दिवशी ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "मी गाडीत बसीन तवा तू माह्यासमोर उभी राह्यजो. बाकीच्यांचं काही नाही. तू राह्यजो." मी हो म्हटलं. पाठवणीची वेळ झाली, वाजंत्री वाजायला लागली, बायका रडायला लागल्या आणि माझे पाय मांडवाच्या मागं वळले. मी कनातीखालून निघाले आणि सरळ वावरात गेले. मला वाटलं होतं, मी दिसले तर ती जास्त रडेल. दिसलेच नाही तर सोपं जाईल. तुरीच्या तासात बसून मी वाजंत्री ऐकली. ती एकदा मध्येच थांबली आणि बऱ्याच वेळानं पुन्हा सुरू झाली.

पुढच्या संक्रांतीला तिची आई भेटली. म्हणाली, "शोभानं गाडी थांबवली होती. म्हणे, ते येऊन राह्यली, थांबा. पावणे चिडले."

शोभा मला पुन्हा भेटली नाही. म्हणजे भेटली असती. माहेरी यायची. मीच त्या गल्लीतून जायची नाही.

मग माझंही लग्न झालं आणि मी घाट चढून इकडं आले. सासरी नवऱ्याला नावानं हाक मारायची नसतेच, त्यामुळं तिथं माझा दोष कुणाच्या लक्षात आला नाही. "अहो" सुद्धा मी फार कमी म्हटलं असेल. ते चांगले होते. गेले तेव्हा बायका म्हणाल्या, किती शांत संसार केला दोघांनी. मी तिथंही मान हलवली.

आई शेवटची आजारी होती तेव्हा मी वडनेरला महिनाभर राहिले. मावशी त्याच्या तीन वर्षं आधीच वारली होती. एके दुपारी आईनं फडताळाकडं बोट केलं. डबा तिथं होता.

"घेऊन जाय. तुहाच हाय."

मी तो मांडीवर घेतला. ती माझ्याकडं बघत होती.

"ते गेली नोहती त्या दिवशी," ती म्हणाली. "तुही मावशी. तिकडं कडब्याची गंजी होती ना, तिच्या मांगं उभी होती. दोन गाड्या गेल्या तिच्या समोरून. मले म्हणे, पोरगी रडली त मी वापस नेतो. माह्याच्यानं राहवणार नाही."

मी डब्याचं झाकण दाबून धरलं.

"तू रडलीच नाही. तिनं पदर तोंडात धरला होता. म्हणे, पाय, इतल्यात इसरली मले. मंग तिसऱ्या गाडीनं गेली." आईनं दम घेतला. "मले तवा बरं वाटलं होतं. म्हटलं, माहीच लेक, माह्याकडं आली. मंग समजलं."

काय समजलं ते तिनं सांगितलं नाही. तेव्हा तरी मी म्हणायला हवं होतं की बाई, मी डोळे मिटून बसले होते. मला शपथ होती. म्हणजे मी विसरले नव्हते आणि तुझ्याकडं आलेही नव्हते, मी अजून तिथंच बसले होते. तिनं थोडी वाट पाहिली. मग कूस बदलली. तिचे पाय गार होते, मी चेपत बसले. बाहेरून ट्रक जात होते.

पंधरा दिवसांनी ती गेली.

शुक्रवारी मी आरूला म्हटलं, "तुझ्या आईचा फोन आला."

ती धावत आली. "वर्षाचा?"

"वर्षा तुझी आई आहे."

"मंग तू?"

"मी आजी."

तिला तो विनोद वाटला. दिवसभर "आजी! ए आजी!" असं ओरडत माझ्यामागं फिरली. शनिवारी तिच्या लक्षात आलं की हा विनोद नाही. फोनमधली वर्षा म्हणाली, "उद्या येते हं, तुला न्यायला." त्यानंतर आरूनं माझा पदर सोडला नाही. संडासाच्या दारापर्यंत.

आज सोमवार. काल अकराच्या सुमाराला गाडी आली. जेवणं झाली. आरू वर्षाच्या मांडीवर बसली, तिच्या बांगड्या मोजल्या, पण पाय माझ्या अंगाला लावून ठेवला होता. वर्षा मला आत घेऊन गेली. तिचे डोळे जागरणाचे, लाल.

"आई, तू मागच्या दारानं जा ना. मी तिला बसवते. तुला बघून ती रडंल आणि मलाच नाही सहन होणार ते."

"रडू दे."

"अगं, चिखलीपर्यंत रडंल ती."

"रडू दे तिले. मी समोरच उभी राहातो."

वर्षा माझ्याकडं बघत राहिली. मी तिला कधी अडवलं नव्हतं. तिच्या लहानपणी मीही नजर चुकवूनच वावरात जायची, तेही तिला आठवलं असेल. ती एवढंच म्हणाली, "बरं."

बाहेर शांताबाई हातात पिल्लू घेऊन तयारच होत्या. "आरू, इकडं ये वं, हे पाय कसं चिवचिव करून राह्यलं!"

आरूची मान वळली.

"शांताबाई!" मी हाक मारली. इतक्या जोरात की जावई गाडीतून खाली उतरले. "राहू द्या ते पिल्लू."

"बाप्पा!" शांताबाई म्हणाल्या. "हे इतल्या जोरानं बोलते बी काय?"

मी रस्त्यात आरूच्या समोर बसले. गुडघ्यावर. उन्हाळ्यात घातलेल्या खारोड्या आदल्या रात्री डब्यात भरून ठेवल्या होत्या, तो डबा तिच्या हातात दिला.

"माह्याकडं पाय," मी म्हटलं. "तू आता गाडीत बसून तुह्या आईसोबत जातं. मी येत नाही. मी हितंच राहातो."

"काऊन?"

"माहं घर इथं हाय."

"मंग मी बी इथं."

"नाही. तू तिकडं."

तिनं माझा चेहरा नीट पाहिला. खोटं असेल तर सापडावं म्हणून पाहतात तसा. मग तिचा खालचा ओठ बाहेर आला. एका हातानं तिनं पदर धरला आणि दुसऱ्या हातानं डबा फेकला. झाकण एकीकडं गेलं, खारोड्या रस्ताभर झाल्या आणि ती रडली. एवढ्या मोठ्यानं रडली की समोरच्या गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. मी तिची बोटं एक एक करून सोडवली. पहिली दोन सोपी गेली. वर्षानं तिला उचललं. वर्षाही रडत होती. दार लागलं, काच खाली होती, खिडकीतून तो लाल चेहरा, उघडं तोंड, आणि दोन उघडे डोळे माझ्यावर. मी हात हलवला नाही. नुसती उभी राहिले, तिला दिसेन अशी, रस्त्याच्या मधोमध.

गाडी वळणापर्यंत गेली, तरी तिचं रडणं येत होतं. वळणापलीकडून थोडं आलं. मग आलं नाही. मग फक्त मला वाटत होतं की येतंय.

तेव्हा मला मावशीचं कळलं. ती गंजीमागं उभी राहून हेच ऐकायला थांबली होती. हे ऐकू आलं असतं तर तिला कळलं असतं की ती कोण होती.

शांताबाईंच्या अकरा कोंबड्या आल्या आणि खारोड्या टिपायला लागल्या. "आता हे लसणाचं खाऊन अंडे कसे देतीन, सांग," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं पाहून, कोंबड्या हाकलायला न जाता, माझ्याजवळच उभ्या राहिल्या.

दिवस मावळता वर्षाचा फोन आला. आरू चिखलीपर्यंत रडली, मग झोपली, मग उठून केळ खाल्लं. "तुला विचारतेय," वर्षा म्हणाली आणि मागून बारीक, बसलेला आवाज आला, "आजी अजून रस्त्यातच उभी हाय?"

"घरात आली म्हणावं," मी म्हटलं. "पण तिचं रडणं मी शेवटपर्यंत आयकलं म्हणावं."

आज घर आवरलं. आवरायला काही नव्हतं. तिची एक चप्पल बाजेखाली निघाली, पदराच्या टोकाला तिच्या मुठीचा चुरगळा तसाच होता. तो मी धुतला नाही. पोचा आणखी एक पडलेला डबा ओट्यावर होता. हलवला तर वाजला. तळाशी चार-पाच खारोड्या राहिल्या होत्या, कोंबड्यांना न सापडलेल्या.

मी ओसरीवर बसले. डोळे उघडे ठेवले. डबा कानाशी नेऊन हलवला आणि रिकाम्या घरात, शांताबाईंना कुंपणापलीकडं ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं,

"बाई, खारोड्या."